युद्धवैमानिक, चित्रपटांतील

युद्धात लढाऊ वा बाँबफेकी विमानातून झुंजलेला सैनिक आणि युद्ध संपल्यानंतर त्याच्या वाट्याला आलेले अस्वस्थ आयुष्य, हा विसाव्या शतकातील चित्रपटकलेने पुनःपुन्हा हाताळलेला विषय होय. चलच्चित्र आणि विमान ह्या दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच काळातल्या. ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये आपले चित्रपट लोकांना दाखविले ते १८९५ मध्ये, तर राइट बंधूंचे पहिले उड्डाण १९०३ मधले. दोहोंनी माणसाला वेगाची आणि उंचीवरून पाहण्याची नवी दृष्टी दिली. त्यामुळे कॅमेरा आरंभापासूनच विमानाकडे ओढला गेला, यात नवल नाही. मात्र ह्या विषयावरचे जे चित्रपट टिकून राहिले, त्यांतील महत्त्वाचा भाग बहुधा आकाशात घडत नाही. तो जमिनीवर, घरात, स्वयंपाकघराच्या दारात वा नोकरीच्या रांगेत घडतो.

पायदळातील सैनिक आणि युद्धवैमानिक यांच्या मनःस्थितीत एक फरक असतो, आणि चित्रपटाला तो उपयोगी पडला आहे. पायदळाचा शिपाई महिनोन्‌महिने चिखलात, इतर शिपायांच्या सोबतीने राहतो. वैमानिक सकाळी मृत्यूच्या तोंडात जातो आणि बहुधा संध्याकाळी आपल्या खाटेवर परत येतो. ज्यांच्यावर तो बाँब टाकतो त्यांचे चेहरे त्याला दिसत नाहीत. त्याचे कौशल्य दुर्मिळ असते, मान मोठा असतो, वय मात्र वीस-पंचविसाच्या आतबाहेर असते. युद्ध संपताच हे सर्व एका दिवसात सरते. ज्या हातांनी विमान सांभाळले, त्यांना मुलकी जीवनात काम मिळत नाही. आणि जे दिसले नाहीत ते चेहरे स्वप्नात दिसू लागतात. ह्या पडझडीचा भार स्वतः वैमानिकापेक्षा त्याच्या जवळच्या माणसावर, विशेषतः त्याच्या पत्नीवर, अधिक पडतो. एखाद्या चित्रपटाला ते दुसरे माणूस किती दिसते, ही त्याची खरी कसोटी मानता येईल.

आरंभीच्या चित्रपटांत हे माणूस फारसे दिसत नाही. विल्यम वेलमनचा *विंग्ज* (१९२७) आणि हॉवर्ड हॉक्सचा *द डॉन पॅट्रोल* (१९३०) हे दोन्ही अमेरिकन चित्रपट पहिल्या महायुद्धातील वैमानिकांवर आधारलेले असून त्यांतील उड्डाणदृश्ये आजही थक्क करतात. वेलमन हा स्वतः त्या युद्धातला वैमानिक होता. दोन्ही चित्रपटांचे लक्ष मात्र मैत्री, शौर्य आणि बलिदान यांवर आहे. वैमानिकाच्या उद्ध्वस्त उत्तरायुष्याची पहिली थोर प्रतिमा एका फ्रेंच चित्रपटात, तीही दुय्यम पात्राच्या रूपाने आढळते. झां रन्वारच्या *ला ग्रांद इल्यूझियाँ* (१९३७) ह्या चित्रपटातील जर्मन अधिकारी फॉन राउफेनश्टाइन हा आरंभी दिमाखदार वैमानिक आहे. पुढे जखमांनी जायबंदी होऊन, मानेला आधारपट्टा लावून, तो एका किल्ल्यातील युद्धकैद्यांच्या तुरुंगाचा अधिकारी होतो. एरिक फॉन श्ट्रोहाइमने ही भूमिका केली. ह्या माणसाला मानही वळविता येत नाही, मग आकाशाकडे पाहणे दूरच. किल्ल्यात उमललेले जिरेनियमचे एकमेव फूल तो आपल्याच हातून मेलेल्या फ्रेंच अधिकाऱ्यासाठी कापतो. रन्वार पहिल्या महायुद्धात टेहळणी विमानांतून उडालेला होता. शत्रुवैमानिकाकडे त्याने सहानुभूतीने पाहिले, याचे काही श्रेय त्या अनुभवाला द्यावे लागेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर ह्या विषयाला वेगळेच वजन आले. विल्यम वायलरचा *द बेस्ट यिअर्स ऑफ अवर लाइव्ह्‌ज* (१९४६) हा चित्रपट युद्धावरून एकाच गावी परतलेल्या तीन सैनिकांची कथा सांगतो. त्यांपैकी फ्रेड डेरी (डेना अँड्रूज) हा विमानदलातील कॅप्टन. काटेकोर अर्थाने तो वैमानिक नव्हे. बाँब कोठे आणि केव्हा टाकावयाचे हे ठरविणारा तो अधिकारी आहे. पण विमानातील मृत्यूचा आणि परतल्यानंतरच्या निरुपयोगीपणाचा अनुभव तोच आहे. युद्धापूर्वी तो औषधांच्या दुकानात शीतपेये देण्याचे काम करीत असे, आणि परतल्यावरही त्याला त्याच दुकानात उभे राहावे लागते. लग्न घाईत झालेले. पत्नीला गणवेशातला नवरा हवा, साध्या कपड्यांतला नको. रात्री तो जळणाऱ्या विमानाची स्वप्ने पाहत ओरडून उठतो.

चित्रपटाच्या अखेरीस डेरी मोडीत काढलेल्या विमानांच्या आवारात जाऊन पोहोचतो. इंजिने काढून घेतलेली बाँबफेकी विमाने तेथे रांगेने उभी आहेत. तो त्यांपैकी एकात चढून नाकाडाच्या काचेमागे, आपल्या जुन्या जागी बसतो. विमान हलत नाही. कॅमेरा आणि ध्वनी मात्र अशा रीतीने योजिले आहेत, की ते पुन्हा उडू लागल्याचा भास होतो. त्याच्या चेहऱ्यावर घाम फुटतो. भूतकाळाचे एकही दृश्य न दाखविता वायलरने येथे सर्व युद्ध दाखविले आहे. ह्या तंद्रीतून डेरीला जागे करतो तो विमाने मोडणारा मुकादम. ह्या धातूतून घरे बांधावयाची आहेत, असे त्याच्याकडून कळते आणि डेरी त्याच्याकडेच काम मागतो. युद्धयंत्राची मोड करून घर उभारण्याची ही कल्पना थोडी सोयीस्कर आहे खरी. पण ती उपदेशाच्या स्वरात येत नाही, रोजगाराच्या प्रश्नातून येते, म्हणून पटते. वायलरने युद्धकाळात बाँबफेकी विमानांतून प्रत्यक्ष मोहिमांवर जाऊन अनुबोधपटांचे चित्रीकरण केले होते आणि त्या कामात त्याच्या श्रवणशक्तीला कायमची इजा झाली होती. त्या दृश्यातील आवाज इतका अस्सल का, याचे उत्तर तेथे सापडते.

डग्लस सर्कचा *द टार्निश्ड एंजल्स* (१९५७) हा ह्या परंपरेतील सर्वांत कठोर चित्रपट म्हणावा लागेल. विल्यम फॉक्‌नरच्या *पायलॉन* (१९३५) ह्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. पहिल्या महायुद्धात नाव कमावलेला रॉजर शूमन (रॉबर्ट स्टॅक) हा मंदीच्या काळात जत्रांमधून विमानांच्या शर्यती खेळत हिंडतो. त्याची पत्नी लव्हर्न (डॉरथी मलोन) विमानातून हवाई छत्रीने उडी मारण्याचे खेळ करते, त्यांचा लहान मुलगा विमानतळावरच वाढतो आणि एकनिष्ठ मेकॅनिक जिग्ज हा ह्या चमत्कारिक कुटुंबाचाच एक घटक झालेला आहे. न्यू ऑर्लीन्समधील मार्डी ग्रा उत्सवाच्या धुंद, मुखवट्यांच्या गर्दीत ही कथा घडते. शूमनचे विमान निकामी होते. दुसरे विमान मिळविण्यासाठी तो आपल्या पत्नीला विमानमालकाकडे पाठवावयास तयार होतो.

ह्या प्रसंगात सर्कने कोठेही आवाज चढविलेला नाही. शूमनला पत्नीचा द्वेष नाही. त्याला दुसरे काही दिसतच नाही. जमिनीवर असताना तो अर्धमेला असतो, यंत्राजवळ गेला की जिवंत होतो. युद्धाने त्याला एकच गोष्ट शिकविली, ती म्हणजे मृत्यूच्या जवळून जाणे. शांततेच्या काळात ही विद्या विकण्याची जागा म्हणजे जत्रा. सर्कचे मोठेपण असे, की त्याने आपला कॅमेरा शूमनच्या ध्येयवेडावर भाळू दिला नाही. त्याचे लक्ष लव्हर्नवर, तिच्या थकलेल्या आणि तरीही ताठ असलेल्या चेहऱ्यावर आहे. शूमनला अखेरीस उपरती होते, ती अपघाती मरणाच्या तोंडावर. तोवर त्या उपरतीचा उपयोग उरलेला नसतो. रुंद पडद्यावरील कृष्णधवल छायालेखनाने हा एकाकीपणा गडद केला आहे. प्रदर्शनाच्या वेळी ह्या चित्रपटाचे फारसे कौतुक झाले नाही. पुढील पिढ्यांच्या समीक्षकांनी त्याला त्याची जागा मिळवून दिली.

सेर्ज बूर्गीन्यों याच्या *ले दिमांश द व्हील दाव्हरे* (१९६२) ह्या फ्रेंच चित्रपटाची कीर्ती मोठी. त्यास परभाषीय चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. इंडोचायनातील युद्धात विमान कोसळताना आपल्या हातून एक लहान मुलगी मारली गेली, ह्या जाणिवेने स्मृती हरपलेला पिएर (हार्डी क्रूगर) आणि बापाने आश्रमशाळेत टाकून दिलेली सिबेल (पात्रीस्या गोझी) यांच्या रविवारच्या भेटी हा त्याचा विषय. आंरी दकाए याचे तळ्याकाठचे छायाचित्रण अत्यंत सुंदर आहे, कधीकधी गरजेपेक्षा अधिक सुंदर. उंचीचे भय बसलेला पिएर मुलीच्या हट्टासाठी चर्चच्या मनोऱ्यावर चढून वातकुक्कुट काढून आणतो. वैमानिकाचे हरवलेले आकाश त्याला अशा रीतीने क्षणभर परत मिळते. त्याच रात्री पोलीस गैरसमजाने त्याला ठार करतात. येथेही भार पडतो तो मागे राहिलेल्या मुलीवर, हे शेवटच्या दृश्याने नेमके टिपले आहे.

भारतीय चित्रपटात ह्या विषयाची वाट निराळी झाली. भारतीय विमानदलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय वैमानिक लढले. पण ते युद्ध साम्राज्याचे असल्यामुळे त्यांच्या परतण्याला राष्ट्रीय कथेत स्थान मिळाले नाही. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला विमानांनी सैन्य उतरविण्यात आले, तेव्हापासून वैमानिक हा लोकांच्या आदराचा विषय झाला. तरीही सामान्य नागरिकाला विमानदल दिसते ते दुरूनच. पायदळाचा शिपाई रजेवर गावी येतो, पारावर बसतो, लढाईच्या हकीकती सांगतो. वैमानिक मात्र तळाच्या कुंपणाआड राहतो आणि गावाला त्याचा केवळ आवाज ऐकू येतो.

पुण्याजवळील लोहगावचा तळ हे याचे जवळचे उदाहरण होय. ब्रिटिश अमदानीत उभा राहिलेला हा तळ दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी व लढाऊ विमानांसाठी वापरला गेला आणि स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीय विमानदलाकडे आला. त्याच्या उत्तरेस, आळंदीच्या अलीकडे इंद्रायणीच्या काठी चऱ्होली आहे. १९९७ मध्ये हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. तोवर ते शेतीचे गाव होते. मिग-२१, पुढे मिग-२९ आणि १९९७ पासून सुखोई-३० अशा विमानांच्या पिढ्या लोहगावाहून ह्या परिसरावरून उडाल्या. चऱ्होलीच्या शेतकऱ्याला विमानाची जात आवाजावरून ओळखू यावी इतका हा परिचय जुना आहे. विमानातील माणूस मात्र अनोळखीच राहिला. वारीच्या वाटेवरील ह्या मुलखात लोहगाव हे नाव मुळात वेगळ्याच कारणाने पूज्य आहे : परंपरेनुसार ते संत तुकारामांचे आजोळ. तुकारामांचे आजोळ आणि लढाऊ विमानांचा तळ ही जोडी विचित्र वाटली, तरी तिचा संबंध पुढे एका चित्रपटाच्या लेखकाशी पोहोचतो.

युद्धावरून परतलेल्या, अस्वस्थ वैमानिकाचे हिंदी चित्रपटातील सर्वांत विस्तृत चित्र राज कपूर यांच्या *संगम* (१९६४) मध्ये आहे. त्याकडे सहसा प्रेमत्रिकोण म्हणूनच पाहिले जाते आणि चित्रपटानेही स्वतःकडे तसेच पाहिले आहे. इंदर राज आनंद यांची कथा-पटकथा, राधू कर्माकर यांचे रंगीत छायालेखन, शंकर-जयकिशन यांचे संगीत, व्हेनिस, पॅरिस व स्वित्झर्लंड येथील चित्रीकरण आणि दोन मध्यंतरांची जवळजवळ चार तासांची लांबी, ह्या सर्वांमुळे तो आपल्या काळातला एक भव्य चित्रपट ठरला. कथा थोडक्यात अशी : सुंदर (राज कपूर), गोपाल (राजेंद्रकुमार) आणि राधा (वैजयंतीमाला) हे बालपणापासूनचे सोबती. सुंदरचे राधेवर प्रेम, राधेचे गोपालवर, आणि गोपालची मैत्रीपुढे माघार. राधेच्या योग्य व्हावे म्हणून सुंदर विमानदलात जातो. जाताना, आपल्या माघारी राधेच्या जवळ कोणा पुरुषाला येऊ देणार नाही, असे वचन तो गोपालकडून घेतो. काश्मीरमध्ये लढणाऱ्या जवानांना रसद पोहोचविण्याच्या कामगिरीवर त्याचे विमान पडते आणि तो मृत समजला जातो. राधा-गोपाल विवाहाच्या उंबरठ्यावर आलेले असताना तो जिवंत परततो.

परतलेल्या सुंदरचे वागणे बारकाईने पाहिले, तर *संगम* चा उत्तरार्ध वेगळा दिसू लागतो. ह्या माणसासाठी जगाने शोक करून घेतलेला आहे. त्याची जागा भरून निघालेली आहे. तो परतला तो स्वतःच्या मृत्यूनंतरच्या घरात. त्याला ते कळत नाही. पण काहीतरी आपल्यापासून लपविले जात आहे, ही जाणीव त्याला सोडत नाही. विवाहानंतर युरोपच्या सहलीतील त्याचा उल्हास अनावर, लहान मुलासारखा आहे. मग राधेला पूर्वी आलेले, लिहिणाऱ्याचे नाव नसलेले एक प्रेमपत्र त्याच्या हाती लागते आणि तोच माणूस पिस्तूल घेऊन ते नाव शोधू लागतो. घर हे चौकशीचे ठिकाण बनते. मुकेश यांच्या आवाजातील, शैलेंद्र यांनी लिहिलेले पियानोवरचे गीत ह्या भागाचा कळस होय. फितूर मित्राबद्दल आणि प्रेयसीबद्दल सुंदर गातो, आणि ज्यांच्याविषयी गातो ती दोघे समोर बसून ऐकतात. त्या दृश्यात सुंदरला किती माहीत आहे, हे राज कपूर यांनी मुद्दाम धूसर ठेवले आहे. हिंदी चित्रपटातील गीताचा इतका क्रूर उपयोग क्वचितच झाला असेल.

मृत्यूच्या दारातून परतलेला माणूस आपल्या परतण्याची किंमत दुसऱ्याकडून वसूल करतो. सुंदरच्या प्रत्येक संशयामागे एक न बोललेला दावा आहे : तुझ्यासाठी गेलो, तेव्हा तू माझीच असली पाहिजेस. शूमनने लव्हर्नला विमानासाठी गहाण टाकले. सुंदर राधेला स्वतःच्या शौर्यासाठी गहाण टाकतो. दोन्ही चित्रपटांतील फरक कॅमेऱ्याच्या जागेचा आहे. सर्क पत्नीजवळ उभा राहतो. राज कपूर, जे स्वतःच सुंदर आहेत, ते सुंदरजवळ उभे राहतात आणि त्याचा छळवाद हा निर्मळ मनाचा भाबडेपणा असल्याचे प्रेक्षकाला पटवू पाहतात. वैजयंतीमाला यांच्या अभिनयामुळे हे पटत नाही, ही चित्रपटाची लाभदायक हानी होय. राधेच्या चेहऱ्यावरची भीती आणि संताप संहितेपेक्षा खरे वाटतात. ह्या भूमिकेबद्दल त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तो सार्थ होता.

अखेरीस पत्र आपलेच असल्याचे गोपाल कबूल करतो आणि त्याच पिस्तुलाने आत्महत्या करतो. वैमानिकाच्या मनातील गाठ तिसऱ्याच माणसाच्या मरणाने सुटते. हा उपाय भावनेच्या भरात पटण्याजोगा असला, तरी त्याने मूळ प्रश्न झाकला जातो. विमानदल, काश्मीर, कोसळलेले विमान यांचे काम कथेत सुंदरला दूर नेण्यापुरते आणि मोठा करण्यापुरतेच उरते. त्या बेपत्ता दिवसांत त्याच्यावर काय गुदरले, याची चौकशी चित्रपट करीत नाही. चिनी आक्रमणाला दोन वर्षेही झाली नव्हती, अशा वेळी प्रेक्षकाला भंगलेला सैनिक बघणे रुचले नसते, हे खरे; पण ह्या सावधगिरीमुळे एका थोर चित्रपटाची शक्यता मोठ्या लोकप्रिय चित्रपटात विरघळून गेली.

पुढील काळात वैमानिकाच्या वाट्याला बहुधा मरणच आले. शक्ती सामंत यांच्या *आराधना* (१९६९) मधील अरुण विमान-अपघातात मरतो आणि कथा त्याच्या प्रेयसीची व मुलाची होते; मुलगाही वैमानिकच होतो. यश चोप्रा यांच्या *सिलसिला* (१९८१) मधील शेखर युद्धात कामी येतो आणि त्याच्या गरोदर वाग्दत्त वधूशी धाकटा भाऊ विवाह करतो. दोन्ही ठिकाणी वैमानिकाचा मृत्यू म्हणजे कथेला गती देणारी एक सोय आहे. भिंतीवरील हार घातलेल्या छायाचित्राला स्वप्ने पडत नाहीत, नोकरी लागत नाही, बायकोवर संशयही येत नाही. १९७१ च्या हवाई युद्धावरील चेतन आनंद यांचा *हिंदुस्तान की कसम* (१९७३) हा कामगिरीचा चित्रपट आहे. माणसाच्या अंतर्मनात शिरण्याचा त्याचा रोख नाही.

गोविंद निहलानी यांचा *विजेता* (१९८२) ह्या पार्श्वभूमीवर वेगळा उठून दिसतो. शशी कपूर यांनी निर्मिलेल्या ह्या चित्रपटाची कथा-पटकथा मराठी कवी दिलीप चित्रे यांची आणि संवाद सत्यदेव दुबे यांचे. आई-वडिलांच्या बेबनावात वाढलेला, स्वतःविषयी साशंक असा अंगद (कुणाल कपूर) लढाऊ वैमानिक होण्याचे ठरवितो आणि १९७१ च्या युद्धापर्यंत येऊन पोहोचतो. वडिलांची भूमिका शशी कपूर यांनी आणि आईची रेखा यांनी केली आहे. चित्रपटातील बाप-लेक प्रत्यक्षातही बाप-लेकच असल्याने त्यांच्या संभाषणातील अवघडलेपणाला एक वेगळे खरेपण आले आहे.

निहलानी-चित्रे यांची दृष्टी अशी, की वैमानिकाची जखम युद्धात होत नाही. ती घेऊनच तो युद्धात जातो. वायलर आणि बूर्गीन्यों यांच्या कथांत आकाश घर मोडते. येथे मोडलेले घरच मुलाला आकाशाकडे ढकलते. न बोलणारा बाप आणि एकटी पडलेली आई यांच्यामधील जागा मुलाला अपुरी पडते, म्हणून तो अशा यंत्रात जाऊन बसतो जेथे दुसऱ्या माणसाला जागाच नाही. मिग-२१ च्या एकाकी बैठकीचा असा मानसिक उपयोग अन्यत्र झालेला नाही. विमानदलाच्या सहकार्याने, पुण्याच्या तळावर जे चित्रीकरण झाले, त्यात निहलानी यांनी स्वतः कॅमेरा सांभाळला. त्यांच्या छायालेखनात विमान झगमगते खेळणे वाटत नाही. तापलेली धावपट्टी, जड शिरस्त्राण, मुखवट्यातील श्वास असे त्याचे शारीरिक ओझे जाणवते.

चित्रे यांच्या पटकथेत उपदेशाचा अभाव आहे आणि आत्मपरीक्षणाची ओढ आहे. तुकारामांच्या अभंगांचे इंग्रजी भाषांतर हे त्यांचे दीर्घकाळचे काम. *पुन्हा तुकाराम* (१९९०) आणि *सेज तुका* (१९९१) ही त्याची फळे. स्वतःच्या मनाशी रात्रंदिवस झुंज देणारा तुकाराम त्यांनी मराठी वाचकापुढे नव्याने उभा केला. त्याच तुकारामांच्या आजोळच्या धावपट्टीवर त्यांचा अंगद उडावा, हा योगायोग आहे. पण चित्रपटाचे *विजेता* हे नाव शत्रूवरील विजयापेक्षा स्वतःवरील विजयाचे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे तो अगदीच बाहेरचा वाटत नाही. अजित वर्मन यांच्या संगीतातील आशा भोसले आणि सत्यशील देशपांडे यांनी गायिलेले अहीर भैरवातील गीत (रचना वसंत देव) ह्या अंतर्मुखतेला साजेसे आहे. इंजिनांच्या गर्जनेशेजारी सकाळचा राग ठेवण्याचे धाडस व्यावसायिक चित्रपटाने केले नसते.

उणिवा मात्र दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. विमानदलाचे सहकार्य लाभले की त्याच्या शिस्तीविषयी प्रश्न विचारणे अवघड होते. *आक्रोश* (१९८०) आणि *अर्धसत्य* (१९८३) ह्या आपल्या आगेमागे आलेल्या चित्रपटांत न्याययंत्रणा आणि पोलीसदल यांना निहलानी यांनी सोडले नव्हते. *अर्धसत्य* मध्ये तर चित्रे यांचीच कविता त्या कठोरपणाचा गाभा आहे. *विजेता* मध्ये संस्था हीच औषध ठरते : घराने बिघडविलेले मूल तळ दुरुस्त करतो. अंगद आणि ॲना (सुप्रिया पाठक) यांचे प्रेमप्रकरण हळुवार असले, तरी वैमानिकाच्या सोबतीस पुढे काय पडणार आहे, याची चाहूल त्यात पुरेशी लागत नाही. ॲना ही विमानदलातील अधिकारी व्हर्गीस (अमरीश पुरी) यांची मुलगी. तळाच्या कुंपणाआड वाढलेल्या मुलीला ह्या जगाची किंमत इतर कोणाहून अधिक ठाऊक असणार. पटकथेने तिला त्याविषयी बोलते करावयास हवे होते. आणि युद्ध संपून दहा वर्षे झाल्यावर अंगद कसा दिसतो, हे पाहावयास चित्रपट थांबत नाही.

मराठी चित्रपटाने ह्या प्रांतात जवळजवळ पाऊल टाकलेले नाही. त्याच्या फौजी व्यक्तिरेखा बहुधा पायदळातल्या, साताऱ्या-कोल्हापुराकडच्या, म्हणजे गावाला दिसणाऱ्या सैनिकाच्या आहेत. वास्तविक विषय हाताशी होता. १९७१ च्या युद्धात विमान पाडले जाऊन पकडले गेलेले फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांनी मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिन्हजी यांच्यासह ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या छावणीची भिंत फोडून पलायन केले. तिघे अफगाण सरहद्दीच्या अगदी जवळ, लंडी कोतलच्या परिसरात पकडले गेले आणि त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये वाघ्याच्या सीमेवरून मायदेशी परतले. ह्या साहसावर *द ग्रेट इंडियन एस्केप* (२०१९) हा चित्रपट निघाला. भिंत फोडण्याच्या त्या रात्रीत जे नाट्य आहे ते पडद्याला ताबडतोब मानवते. पण वाघा ओलांडून आलेला वैमानिक घरी पोहोचल्यानंतर पहिल्या वर्षी कसा झोपला, दाराची कडी वाजल्यावर दचकला का, आणि घरातल्यांनी ते कोणाला सांगितले, हा वायलर आणि सर्क यांनी हाताळलेला भाग मराठीत अजून कोणी घेतलेला नाही.